फेडोरा ३९ आणि आकाशकंदील

लिनक्स ही संगणकप्रणाली वापरणाऱ्याला ‘काय चाललंय?’ असं विचारू नये. उत्तर अर्धा तास चालतं आणि त्यात काम हा शब्द एकदाही येत नाही.

मी फेडोरावाला, म्हणजे लिनक्सचाच एक अवतार वापरणारा. साधारण दर सहा महिन्यांनी नवी आवृत्ती, आणि तिच्यासोबत ग्नोम हा डेस्कटॉप, म्हणजे पडद्यावर दिसणारा सगळा संसार. ग्नोमवाल्यांची सौंदर्यदृष्टी मोठी कडक. २०११ साली ग्नोम ३ आलं, तेव्हा त्यांनी खिडकी मिनिमाइझ करायचं बटणच काढून टाकलं. बटण परत हवं तर ट्वीक टूल नावाचं वेगळं साधन टाका, खाली पट्टी हवी तर एक्स्टेन्शन, म्हणजे वरून जोडायचा छोटा प्रोग्राम, टाका. घरमालकाने खिळे ठोकायला खुशाल परवानगी द्यावी आणि दर सहा महिन्यांनी भिंतच बदलावी, असा हा प्रकार आहे.

एक्स्टेन्शन कुठल्या आवृत्तीवर चालेल, ते त्याच्यासोबतच्या मेटाडेटा फायलीत लिहिलेलं असतं. जुनेजाणते तिथे हळूच पुढचा आकडा टाकून देतात. बऱ्याचदा खपून जातं. पण २०२३ च्या सप्टेंबरात ग्नोम ४५ आलं आणि एक्स्टेन्शनचा कोड आत आणायची पद्धतच बदलली. आता आकडा वाढवून भागेना, कोडच नव्याने लिहिणं आलं. तसं आधीच जाहीर झालेलं होतं, त्यामुळे भांडायचीही सोय नाही.

ते ग्नोम घेऊन फेडोरा ३९ आलं नोव्हेंबरात, ऐन दिवाळीच्या तोंडावर. घरात चकलीचं पीठ मळलं जात होतं आणि मी टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, मालकी हक्क मागणाऱ्या ‘सुडो’ला पासवर्ड देत होतो. तिथे पासवर्ड टाकताना एक टिंबसुद्धा उमटत नाही. बायको मागे उभी.

“कीबोर्ड गेला वाटतं.”

“नाही गं, अपग्रेड चाललंय.”

संगणक पुन्हा सुरू झाला. सगळं झकास, फक्त माझी पट्टी, हवामान आणि नेटचा वेग दाखवणारे आकडे गायब.

“एक्स्टेन्शन चालत नाहीये,” मी हताशपणे म्हणालो.

“मग शेजारून आणा की! आकाशकंदील कधीचा टांगून ठेवलाय.”

भाच्याचं म्हणणं, मामा, केडीई हा दुसरा डेस्कटॉप घे, तिथे सगळं सेटिंगमध्येच असतं. तीच तर भीती आहे. ज्या घरात प्रत्येक गोष्ट बदलता येते, तिथे बदलत बसायला निमित्तही लागत नाही. मी संसारी माणूस आहे.

आता करायचं काय, तर वाट पाहायची. कुठल्यातरी देशातला एक भला माणूस आपली नोकरी सांभाळून, पदरमोड करून रात्री ते एक्स्टेन्शन दुरुस्त करणार. ‘कधी होईल?’ असं त्याला विचारायला जावं, तर आपल्याआधी शंभर जणांनी विचारलेलं असतं. त्यातल्या एकानेही त्याला चहाला पैसे पाठवलेले नसतात. मी पाठवले, पण उशिरा होणाऱ्या कामाला इसार दिल्यासारखं वाटू नये म्हणून तारीख विचारली नाही.

अखेर पट्टी परतली. ती खाली ठेवावी की डावीकडे, यावर सध्या घरात दोन मतं आहेत. दोन्ही माझीच.