थ्रिलरच्या कपाळावर ‘साहित्यिक’

नेदरलँड्समधल्या अ‍ॅम्स्टेलवेनच्या लायब्ररीबाहेरचा बाक हा आमचा कट्टा. शनिवारी वादाला तोंड फुटलं ते केतकीच्या लेकीवरून. पोरगी व्हीडब्ल्यूओला, म्हणजे विद्यापीठाकडे जाणाऱ्या शाखेला. डच विषयासाठी किमान 12 पुस्तकं वाचायची, त्यातली निदान 3 तरी 1880 च्या आधीची. तिने यादीत एक थ्रिलर घातला, सरांनी त्यावर काट मारली.

“बरोबरच केलं,” मंदार म्हणाला. “परीक्षेला काय टाइमपास वाचायचा?”

“अरे, मुखपृष्ठावर ‘साहित्यिक थ्रिलर’ असं छापलंय!”

“छापणारच. ट्रेनमध्ये हातात धरायला लाज वाटू नये ना!”

हे मात्र खरं. इथल्या दुकानांत साधी खुनाची गोष्टही ‘लिटरेर’, म्हणजे साहित्यिक, होऊन येते. मला त्याचा वैताग येतो. चांगल्या थ्रिलरला ही उसनी झूल कशाला हवी?

मग मी डच वाचकांची 2013 ची ती मोठी पाहणी काढली. सुमारे 14 हजार वाचकांनी 401 कादंबऱ्यांमधून आपण वाचलेल्यांना गुण दिले, ‘चांगली किती’ याचे वेगळे आणि ‘साहित्यिक किती’ याचे वेगळे. साहित्यिकतेत ‘फिफ्टी शेड्स’ तळाला गेलं, त्यात नवल नाही. पण बायकांच्या कादंबऱ्या एकूणच खाली घसरल्या.

“बघा!” केतकी उसळली.

“थांब,” मंदारने हात वर केला. “त्याच अभ्यासात नुसते शब्द आणि वाक्यं तपासून संगणकालाही वाचकांच्या गुणांचा बराचसा अंदाज आला होता. म्हणजे फरक लिखाणातच आहे की.”

“बराचसा, सगळा नाही,” केतकी म्हणाली. “उरलेला कुठून आला? संशोधक कोरिना कोलेनचा 2018 चा प्रबंध वाच. लेखिका म्हटलं की वाचक आधीच मनाशी काय धरून बसतात, तेच शोधलंय त्यात.”

सुहासकाका इतका वेळ गप्प होते. त्यांची डच वाचनाची सुरुवातच मुलिश, हेर्मान्स आणि रेव्ह या ‘तीन थोर’ डच लेखकांपासून झालेली. “तिघेही बाप्येच,” ते मिश्कील हसले. “पण मंदार, फ्लँडर्सच्या, म्हणजे बेल्जियमच्या डच बोलणाऱ्या भागातल्या, हेंड्रिक कॉन्शियन्सनं आपल्या लोकांना वाचायला शिकवलं म्हणतात. त्याची 1838 ची ‘फ्लँडर्सचा सिंह’ ही कादंबरी लोकांनी चवीनंच वाचली असणार, मार्कांसाठी नाही. आज तीच 1880 पूर्वीच्या खात्यात बसेल.”

“अहो काका, त्यात 1302 ची लढाई आहे, इतिहास आहे!”

“आहे ना. आणि मुडदेही त्या थ्रिलरपेक्षा जास्त आहेत.”