परदेशातून : बातमीतला कर्नल आणि डिक्सन रोडवरचे सोमाली

ऑक्टोबर १९९२ मध्ये कॅनडाच्या सीबीसी वाहिनीने दाखवून दिले की, ‘तुके’ या नावाने ओळखला जाणारा सोमाली लष्करातील कर्नल युसुफ अब्दी अली टोरांटोत सुरक्षारक्षकाची नोकरी करीत आहे. १९९१ पर्यंत सोमालियावर सत्ता गाजवणारे लष्करशहा सियाद बर्रे यांच्या राजवटीत तो उत्तर सोमालियातील गेबिले येथे पाचव्या ब्रिगेडचा प्रमुख होता, आणि इसाक कुळातील लोकांच्या छळाचे व हत्यांचे गंभीर आरोप त्याच्यावर होते. त्याच काळात, १९८८ मध्ये, सरकारच्या विमानांनी उत्तरेतील इसाकबहुल हरगेसा या स्वतःच्याच शहराच्या विमानतळावरून उड्डाण करून त्याच शहरावर बाँब टाकले होते. सीबीसीने हे उघड केले नसते तर तुके कॅनडातच निवांत राहिला असता. शोधपत्रकारितेचे हे ऋण मान्य केल्याशिवाय पुढचे काही बोलता येणार नाही.

तरीही टोरांटोत राहताना बातमीची दुसरी बाजू दिसत राहते. डिक्सन रोडवरच्या इमारतींत आसऱ्याला आलेल्या सोमाली कुटुंबांपैकी कित्येक जण अशाच अधिकाऱ्यांच्या हातून सुटून आलेले होते, तर काही बर्रे यांची राजवट कोसळल्यावर, १९९१ नंतरच्या सशस्त्र टोळ्यांपासून पळालेले होते. ‘सोमाली युद्धगुन्हेगार आपल्यात लपले आहेत’ अशा सुराची बातमी आली की पीडित आणि पीडक एकाच नावाखाली जमा होतात. कॅनेडियन शेजारी सगळ्यांकडेच संशयाने पाहतो, आणि समाजाच्या आत कोण कोणत्या कुळाचा, तेव्हा कोणाच्या बाजूने होता, ही विचारणा पुन्हा सुरू होते. ज्याने छळ सोसला त्याला आपल्या साक्षीमुळे सगळ्या समाजाची बदनामी होईल, या भीतीने गप्प बसावेसे वाटते.

या संशयाला सरकारी कागदावरही जागा मिळाली. १९९३ पासून कॅनडात ओळखपत्रे नसलेल्या निर्वासितांना कायम वास्तव्याचा परवाना मिळेनासा झाला, आणि ज्या देशाची शासनयंत्रणाच कोसळली होती तिथून आलेल्यांनी पासपोर्ट आणायचा तरी कुठून? १९९७ मध्ये सोमालिया व अफगाणिस्तानातून आलेल्या अशा निर्वासितांसाठी वेगळा वर्ग केला गेला, पण त्यांना पाच वर्षे थांबवण्यात आले. या अवधीत युद्धगुन्ह्यांचे दोषी उघडकीस येतील, असे एक कारण सरकारने दिले होते. तोवर बायकामुलांना बोलावून घेणे अडून राहिले.

याउलट मार्च १९९३ मध्ये सोमालियातील बेलेदवेन येथील तळावर, आंतरराष्ट्रीय मोहिमेवर गेलेल्या कॅनेडियन सैनिकांनी शिदाने अरोने या १६ वर्षांच्या सोमाली मुलाला छळ करून ठार मारले. चौकशी झाली, १९९५ मध्ये त्या सैनिकांची हवाई छत्रीधारी रेजिमेंट बरखास्त झाली, पण त्यासाठी टोरांटोतल्या कोणत्याही सामान्य कॅनेडियनाला जाब द्यावा लागला नाही. ते योग्यच होते. हाच न्याय डिक्सन रोडवरच्या माणसालाही लागू व्हायला हवा होता.

आपल्याकडे चोरीच्या बातमीत ‘पारधी टोळी’ असे सर्रास छापले जाते. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याचा शिक्का १९५२ मध्ये कायद्याने पुसला गेला, मथळ्यांतून मात्र तो गेला नाही. जमातीचा उल्लेख करावा की नाही, हा वाद मी दुरून वाचतो आणि तो करू नये याच मताचा आहे. घरफोडी समजण्यासाठी जमात कळण्याची गरज नसते. युद्धगुन्ह्याचे तसे नाही. तिथे देश, कूळ, ब्रिगेड ही माहिती गुन्ह्याचाच भाग असते, ती दडवली तर इसाकांवर काय गुदरले हेच कळणार नाही. म्हणून सोमाली वाचकाचा आग्रह ओळख लपवण्याचा नसून, बातमीत हुकूम देणारा, हुकूम पाळणारा आणि बळी पडलेला यांची नेमकी वेगवेगळी ओळख असावी, असा आहे, आणि मला तो पूर्णपणे पटतो.

नेमकेपणा निकालापर्यंत टिकला पाहिजे. तुके पुढे अमेरिकेत व्हर्जिनियात राहिला. मे २०१९ मध्ये तेथील अलेक्झांड्रिया शहरातल्या ज्युरीने, फरहान वर्फा या इसाक कुळातील पीडिताच्या छळाबद्दल त्याला जबाबदार धरून ५ लाख डॉलरची भरपाई ठरवली, मात्र हत्येच्या प्रयत्नाचा दावा मान्य केला नाही. हा खटला दिवाणी होता, तुरुंगवासाची शिक्षा त्यात होऊच शकत नव्हती. या दोन्ही गोष्टी मथळ्याइतक्याच ठळकपणे सांगायला हव्यात. वर्फा यांनी २००४ मध्ये नाव गुप्त ठेवून दावा केला होता आणि शेवटी स्वतःच्या नावाने साक्ष दिली. आरोपीच्या गणवेशातल्या छायाचित्राला जेवढी जागा मिळते, तेवढी त्या साक्षीला मिळाली पाहिजे.