नव्वद दिवसांत ‘बॉडी’ : एका दाव्याचा प्रतिवाद

सांगली, मिरज, कराड भागातल्या शाळकरी मुलांच्या मोबाइलवर सध्या एक मजकूर फिरतो आहे. सोळा वर्षांचा कोणताही मुलगा नव्वद दिवस नेटाने जिमला गेला तर त्याला सिक्स पॅक मिळतातच. त्यासाठी प्रोटीन पावडर लागतेच. आपले पैलवान असेच घडले. आणि ज्याला जमत नाही तो आळशी, असे त्यात म्हटले आहे. पुरावा म्हणून ‘आधी’ आणि ‘नंतर’ असे दोन फोटो जोडले आहेत.

‘कोणताही मुलगा’ हे पहिलेच गृहीतक चुकीचे आहे. मुलगे वयात येण्याची सुरुवात साधारण नऊ ते चौदा या वयांत केव्हाही होऊ शकते, त्यामुळे दहावीच्या एकाच बाकावरच्या दोन मुलांच्या शारीरिक वाढीत काही वर्षांचे अंतर असू शकते. शिवाय आधी उंची झपाट्याने वाढते आणि अंग त्यानंतर भरते. म्हणजे ज्या काटकुळेपणाची मुलाला लाज वाटते तो वाढीचाच एक टप्पा असतो. व्यायामाच्या पहिल्या काही आठवड्यांत ताकद वाढते, पण ती मुख्यतः आहेत तेच स्नायू अधिक चांगले वापरायला मज्जासंस्था शिकल्यामुळे. ती आरशात दिसत नाही, म्हणून मुलगा व्यायाम वाया गेला असे समजतो.

फोटोंबद्दल थोडक्यात सांगता येईल. व्यायामानंतर लगेच स्नायू रक्ताने फुगलेले असतात, प्रकाश वरून घेतला की पोटावरच्या रेषा गडद दिसतात, आणि काही जण फोटोआधी पाणी पिणेही कमी करतात. तो फोटो त्या शरीराच्या काही मिनिटांचा असतो.

पावडरीचा मुद्दा मात्र सविस्तर पाहायला हवा. अशा पावडरीत बहुधा व्हे असते, आणि व्हे म्हणजे दुधातलेच प्रथिन. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या शिफारशीनुसार १६ ते १८ वर्षांच्या मुलाला दिवसाला सुमारे ५५ ग्रॅम प्रथिने लागतात. कसून व्यायाम करणाऱ्याची गरज त्याहून अधिक असते, पण एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम आणि १०० ग्रॅम शेंगदाण्यांत सुमारे २५ ग्रॅम प्रथिने असतात. डाळ, दूध आणि अंडी यांतून ही गरज घरीच भागू शकते. खरा धोका पावडरीच्या पुढच्या पायरीवर आहे. वाढ पूर्ण होण्याआधी स्नायू वाढवणारी स्टेरॉइड घेतल्यास हाडांची टोके वेळेआधी जुळून उंची कायमची खुंटू शकते, आणि वृषण आक्रसणे, छाती स्त्रीसारखी वाढणे, यकृत व हृदयावर परिणाम होणे हेही घडू शकते. काही जिममध्ये मेफेंटरमाइनची इंजेक्शने हातोहात फिरतात. भूल दिलेल्या रुग्णाचा रक्तदाब घसरला तर तो वाढवण्यासाठी डॉक्टर हे औषध वापरतात. निरोगी मुलाच्या हृदयावर त्याचा ताण पडतो आणि स्नायू तर त्याने मुळीच बनत नाहीत.

पैलवानांचा दाखला तर दाव्याच्याच विरोधात जातो. कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कुस्तीच्या ५७ किलो गटात कांस्यपदक जिंकले, तेव्हा ते २६ वर्षांचे होते, आणि त्यामागे कित्येक वर्षांची लाल माती होती. सांगलीचे वेटलिफ्टर संकेत सरगर यांनी २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत ५५ किलो गटात रौप्यपदक मिळवताना एका प्रकारात ११३ आणि दुसऱ्यात १३५ किलो वजन उचलले. स्वतःच्या वजनाच्या अडीचपटीच्या जवळपास भार पेलणारे हे शरीर नुसत्या आकारावरून जोखता येणार नाही. तालमीतले वस्तादही पोऱ्याला दंडाचे माप विचारत नाहीत, जोर-बैठका किती झाल्या ते विचारतात.

राहिला आळसाचा आरोप, आणि मला सर्वांत अन्यायाचा वाटतो तो हाच. उन्हाळ्यात कृष्णेच्या घाटावर पाहावे: लहान पोरे उघड्या अंगाने उड्या मारतात, आणि त्यांच्याच शेजारी पंधरा-सोळा वर्षांचा एखादा मुलगा टी-शर्ट न काढता पाण्यात उतरतो, बाहेर आल्यावर अंगाला चिकटलेला ओला कपडा दोन्ही हातांनी पुढे ओढून धरतो. असा मुलगा अनेकदा गरजेपेक्षा जास्तच कष्ट करत असतो. दुखत्या खांद्याने जिमला जातो, घरचे जेवण टाळतो, दिवसातून अनेकदा आरसा पाहतो. पुरेसे स्नायू असूनही आपण किरकोळच आहोत असे सतत वाटणे हा मानसिक विकार असून, २०१३ च्या अमेरिकी मनोविकार वर्गीकरणात त्याची नोंद स्वतःच्या शरीरात दोष दिसत राहण्याच्या विकाराचा एक प्रकार म्हणून आहे. त्याला उपचार आहेत, आणि सुरुवात कुठून करावी हे कळत नसेल तर केंद्र सरकारच्या टेलि-मानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर विनाशुल्क बोलता येते.