झहीर दुसऱ्यांदा वर आला ती गोष्ट

परवा कुणीतरी ग्रुपवर फास्ट बॉलर झहीर खानची ती नैरोबीची क्लिप टाकली, २००० ची नॉकआऊट ट्रॉफी, ऑस्ट्रेलियाच्या स्टीव्ह वॉला बोल्ड केलेला यॉर्कर (थेट पायाशी पडणारा बॉल), आणि खाली सगळे 'आपल्या श्रीरामपूरचा वाघ' वगैरे. आता मी पण नगर जिल्ह्यातलाच, मलाही भारी वाटतंच की. पण खरं सांगू का, त्या यॉर्करवाल्या झहीरचं मला फार कौतुक नाही. २२ वर्षाचं पोरगं, अंगात जोर, लांबून धावत यायचं, क्रीजवर उंच उडी मारायची आणि फेकायचा जीव खाऊन. असे आपल्याकडं दर दोन-तीन वर्षांनी एक येतो आणि पाठ नाहीतर खांदा धरून घरी बसतो.

झहीर पण बसलाच होता जवळजवळ. २००३ ची वर्ल्डकप फायनल आठवा, ऑस्ट्रेलियाविरुद्धची. आमच्या वाड्यात एकच मोठा टीव्ही, पंधरा-वीस माणसं दाटीवाटीनं बसलेली, गांगुलीनं टॉस जिंकून फिल्डिंग घेतली आणि झहीरच्या पहिल्याच ओव्हरला १५ रन, त्यात नो बॉल, वाइड, गिलख्रिस्ट-हेडनला तोंडानं काहीतरी बोलत होता ते वेगळंच. वडील (आम्ही त्यांना दादा म्हणतो) तेवढंच म्हणले, "पोरगं तापलंय, आज काय खरं नाही." ऑस्ट्रेलिया ३५९. त्या वर्ल्डकपमध्ये त्यानं १८ विकेट घेतलेल्या, पण लोकांच्या डोक्यात राहिली ती एक ओव्हर.

मग दुखापती, आत-बाहेर, आणि तोवर इरफान पठाण आलेला, तो पण डावखुरा फास्ट बॉलर, तो पण बडोद्याच्याच टीमचा. झहीर टीमच्या बाहेर. तिथं माणूस एकतर चिडतो नाहीतर सिलेक्टरला शिव्या घालत बसतो. हा गेला २००६ ला वॉर्सेस्टरशायरला काउंटी (इंग्लंडमधलं स्थानिक क्रिकेट) खेळायला, दररोज बॉलिंग, ना टीव्ही ना गर्दी, आणि ७८ विकेट घेऊन आला. रनअप छोटा केला, ती उडी कमी केली. ज्या ॲक्शननं इंडिया कॅप दिली तीच २७व्या वर्षी स्वतः मोडायची, ह्याला काय लागत असेल बघा. स्पीड थोडा गेला, डोकं वाढलं.

२००७ ची इंग्लंडमधली ट्रेंट ब्रिजची कसोटी तर माहितीय सगळ्यांना, हा बॅटिंगला आला तर पिचवर जेली बीन्स (गोड गोळ्या) टाकलेल्या, हा बॅट रोखून इंग्लंडच्या पीटरसनच्या अंगावर गेला. पण २००३ सारखा तापून वाया नाही गेला, दुसऱ्या इनिंगला ५ काढले, मॅचमध्ये ९. राऊंड द विकेट (स्टंपच्या दुसऱ्या बाजूनं) येऊन लेफ्टी बॅट्समनला बॉल आत आणायचा, मग तशाच ॲक्शननं एक बाहेर काढायचा. ती सीरिज आपण जिंकलो, इंग्लंडमध्ये २१ वर्षांनी.

एक गोष्ट बारकाईनं बघा कधी जुन्या व्हिडिओत. जुना बॉल रिव्हर्स (उलट्या बाजूला स्विंग) व्हायला लागला की हा पळत येताना उजव्या हातानं बॉल झाकून आणायचा, चकाकणारी बाजू कुठली ते बॅट्समनला शेवटपर्यंत दिसू द्यायचा नाही. मी एकदा गल्लीत टेनिस बॉलनं करून बघितलं, बॉलच हातातून पडला.

आणि २०११ चा वर्ल्डकप. अहमदाबादला ऑस्ट्रेलियाच्या हसीला नकल बॉलवर (बोटांच्या पेरांनी धरून टाकलेला हळू बॉल) बोल्ड केलं, बिचाऱ्याची बॅट केव्हाच खाली येऊन गेलेली. बंगळुरूच्या टाय मॅचला इंग्लंड २ बाद २८१ असताना लागोपाठच्या दोन बॉलवर बेल आणि स्ट्रॉस, पुढच्या ओव्हरला कॉलिंगवूड. फायनलला पहिल्या तीन ओव्हर मेडन, म्हणजे एकही रन नाही! आठ वर्षांपूर्वी पहिल्या ओव्हरला १५ दिलेला हाच माणूस. (शेवटच्या ओव्हर्समध्ये मार खाल्ला, १० ओव्हरला ६०, ते आपण सोयीनं विसरतो.) एकूण २१ विकेट, आफ्रिदीबरोबर सगळ्यात जास्त.

कसोटीत ३११ विकेट वगैरे आकडे आहेतच. पण ह्या माणसावर किती लटकलेलं होतं ते मला २०११ च्याच जुलैत इंग्लंडविरुद्धच्या लॉर्ड्स कसोटीत कळलं. पहिल्याच दिवशी दोघं काढलेले, चौदावी ओव्हर चालू, मधेच थांबला, मांडीमागं हात लावला आणि बाहेर गेला. ती सीरिज आपण ४-० हरलो. ती ओव्हर पूर्ण करायला दुसरा बॉलर आला तेव्हा दादांनी काही न बोलता रिमोट उचलला आणि बातम्या लावल्या.