मृत्यूचा दाखला एकदाच मिळतो, हे खरे नाही

गेले काही आठवडे कोल्हापुरातल्या तालमींच्या, पेठांच्या आणि भावकीच्या व्हॉट्सॲप गटांवर एक संदेश फिरतो आहे. त्याचा आशय थोडक्यात असा: घरातले माणूस गेले की २१ दिवसांच्या आत मृत्यूचा दाखला काढून घ्या, कारण तो एकदाच मिळतो, मुदत टळली तर कोर्टाची पायरी चढावी लागते, दाखला राहत्या गावातच मिळतो आणि तोही फक्त सख्ख्या वारसाला, प्रत्येक कार्यालय मूळ प्रत ठेवून घेते, म्हणून एकदम २० प्रती काढा, इंटरनेटवरून घेतलेली प्रत कुठेही चालत नाही, आणि हे जमत नसेल तर खालच्या क्रमांकावर फोन करा. हा संदेश लोकांच्या हातात पडतो तो रक्षाविसर्जन आणि बाराव्याच्या मधल्या दिवसांत, जेव्हा घरातले कोणीही शांतपणे विचार करण्याच्या स्थितीत नसते. म्हणून त्यातल्या एकेका विधानाला उत्तर देणे मला आवश्यक वाटते.

मुळात या संदेशात नोंद आणि दाखला या दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत झाली आहे. जन्म आणि मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ प्रमाणे मृत्यूची नोंद निबंधकाच्या, म्हणजे जन्म-मृत्यूची नोंद ठेवणाऱ्या अधिकाऱ्याच्या, नोंदवहीत एकदाच होते आणि ती कायम राहते. दाखला म्हणजे त्या नोंदीचा निबंधकाने प्रमाणित करून दिलेला उतारा. कलम १७ प्रमाणे नोंदवहीत शोध घ्यायला लावून असा उतारा मागता येतो, आणि तो किती वेळा किंवा किती वर्षांनी मागावा याला कायद्यात कसलेही बंधन नाही. कलम १२ प्रमाणे, ज्याने मृत्यूची माहिती दिली त्याला पहिला दाखला विनामूल्य द्यायचा असतो, आणि १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनुसार तो नोंद पूर्ण झाल्यापासून सात दिवसांच्या आत द्यायचा असतो. पुढच्या प्रतींना ठरलेले शुल्क पडते. विनामूल्य प्रत एकच असते, एवढ्यावरून ‘दाखला एकदाच मिळतो’ हा समज पसरला असावा.

२१ दिवसांची मुदत खरी आहे, पण ती दाखला काढण्याची नसून मृत्यूची माहिती देण्याची आहे. रुग्णालयात मृत्यू झाला असेल तर ही माहिती कळवण्याची जबाबदारी रुग्णालयाची असते. घरी झाला असेल तर कुटुंबप्रमुखाची किंवा घरातल्या जाणत्या माणसाची. मुदत उलटली तरी ३० दिवसांपर्यंत विलंब शुल्क भरून नोंद होते. त्यानंतर एक वर्षापर्यंत जिल्हा निबंधकाची किंवा नियमाने ठरवलेल्या अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते. एक वर्ष उलटल्यावर पूर्वी प्रथम वर्ग दंडाधिकाऱ्यांच्या न्यायालयात जावे लागे, आणि कोर्टाची भीती बहुधा तिथूनच आली आहे. २०२३ च्या दुरुस्तीनंतर हा अधिकार जिल्हादंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी किंवा जिल्हादंडाधिकाऱ्यांनी अधिकृत केलेल्या कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडे आला आहे. हे सर्व नोंदच झालेली नसेल तर. नोंद झालेली असेल, तर तीस वर्षांनीही साधा अर्ज पुरतो.

सर्वांत जास्त हेलपाटे ‘दाखला राहत्या गावातच मिळतो’ या विधानामुळे होतात. मृत्यू ज्या निबंधकाच्या हद्दीत घडला, त्याच्याच वहीत त्याची नोंद होते. माणूस कुठे राहत होता, अंत्यसंस्कार कुठे झाले, शिधापत्रिका कुठली, याचा नोंदीच्या ठिकाणाशी संबंध नसतो. शाहूवाडी, गगनबावडा, भुदरगड इथलेच नव्हे, तर सिंधुदुर्गातले आणि निपाणीकडचे रुग्णही उपचारासाठी कोल्हापुरात येतात. त्यांच्यापैकी कोणी शहरातल्या रुग्णालयात दगावले, तर नोंद शहरातच होते, गावच्या ग्रामपंचायतीत होत नाही. वाहनात वाटेतच मृत्यू झाला, तर वाहन जिथे प्रथम थांबले तिथली हद्द धरली जाते.

राधानगरी तालुक्यातल्या एका वृद्ध गृहस्थांसोबत मी या कामासाठी गेलो होतो. त्यांच्या पत्नीचे निधन शहरातल्या एका रुग्णालयात झाले होते आणि मृतदेह गावी नेऊन तिथेच अंत्यसंस्कार केले होते. ग्रामपंचायतीत तीन खेपा घालून त्यांना ‘नोंद नाही’ एवढेच उत्तर मिळाले. मी समजावून सांगितल्यावर ते म्हणाले, “गावात अग्नी दिला, गावातच दिवस घातलं, मग नोंद शहरात कशी हो?” त्यांचा प्रश्न अगदी स्वाभाविक होता. शहरात महापालिकेच्या खिडकीवरही आधारवरच्या नावाने शोध घेतल्यावर नोंद सापडेना. शेवटी नाव बाजूला ठेवून मृत्यूची तारीख आणि रुग्णालय यांवरून शोधायची विनंती केली, तेव्हा ती निघाली. रात्री दोन वाजता रुग्णालयाचा फॉर्म भरताना पुतण्याने घरात हाक मारायचे नाव सांगितले होते, आणि वहीत बाईंचे नाव ‘आक्काताई’ असे लागले होते. वरच्या रकान्यात पतीचे नाव बरोबर होते, म्हणून ओळख पटली.

अशी चूक कलम १५ प्रमाणे दुरुस्त होते. मूळ अक्षर खोडले जात नाही. पुरावे पाहून निबंधक समासात दुरुस्तीची नोंद करतो आणि सही व तारीख घालतो. या कामाला वेळ लागतो, म्हणून माझे कळकळीचे सांगणे आहे की रुग्णालयात मृत्यूचा अहवाल, म्हणजे नमुना क्रमांक २, भरला जात असताना मृताचे आधारकार्ड समोर धरावे आणि भरलेली अक्षरे एकदा वाचून घ्यावीत.

याच ठिकाणी आणखी दोन कागदांविषयी सांगितले पाहिजे. पंचगंगेच्या किंवा कसबा बावड्याच्या स्मशानभूमीतली पावती म्हणजे मृत्यूचा दाखला नव्हे. कोल्हापुरात महापालिका अंत्यसंस्कार मोफत करते आणि लोक आपुलकीने चितेसाठी शेणी, म्हणजे गोवऱ्या, दान करतात. त्यामुळे तिथला कागद महापालिकेचाच आहे, तोच पुरेल, असे अनेकांना वाटते. रुग्णालयाने दिलेले मृत्यूच्या कारणाचे वैद्यकीय प्रमाणपत्र हाही वेगळाच कागद आहे. तो मात्र जपून ठेवावा, कारण निबंधकाच्या दाखल्यावर मृत्यूचे कारण लिहिण्यास कायद्यानेच मनाई आहे आणि विम्याच्या दाव्यासाठी कारण विचारले जाते.

‘फक्त सख्ख्या वारसालाच दाखला मिळतो’ हेही चुकीचे आहे. कलम १७ मधले शब्द ‘कोणतीही व्यक्ती’ असे आहेत. खिडकीवर अर्जदाराचे ओळखपत्र मागतात, ते द्यावे. उलट बाजूने, दाखला हातात आला म्हणजे वारसा सिद्ध झाला असेही नाही. सातबाऱ्यावर वारस नोंद करायची तर जमीन महसूल संहितेच्या कलम १४९ प्रमाणे तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडे वेगळी वर्दी द्यावी लागते, आणि लोक दाखल्याच्या धावपळीत नेमके तेच विसरतात.

वीस प्रतींची गरज नाही. बहुतेक ठिकाणी प्रमाणित प्रत पाहून, झेरॉक्स ठेवून ती परत देतात. काही ठिकाणी ठेवून घेतात. माझ्या अनुभवाने चार-पाच प्रती सर्वसाधारण घराला पुरतात, आणि कमी पडल्या तर पुन्हा मिळतात. त्यासाठी दाखल्यावरचा नोंदणी क्रमांक आणि नोंदणी दिनांक घरातल्या एका वहीत लिहून ठेवावा. पुढच्या वेळी शोध घ्यावा लागत नाही. नोटरीने शिक्का मारलेली झेरॉक्स ही साक्षांकित प्रत असते. निबंधकाने दिलेली ती प्रमाणित प्रत. कोणती मागितली आहे ते आधी विचारावे.

इंटरनेटवरच्या प्रतीबाबत संदेश पूर्णपणे चुकीचा आहे. केंद्राच्या नागरी नोंदणी प्रणालीतून मिळणाऱ्या डिजिटल सहीच्या दाखल्यावर क्यूआर कोड असतो आणि तो तपासून खातरजमा करता येते; इलेक्ट्रॉनिक दाखला कायद्याच्या कलम १२ मध्येच आता नमूद आहे. मात्र हुबेहूब दिसणारी बनावट संकेतस्थळेही निघालेली आहेत, त्यामुळे पत्त्याचा शेवट ‘जीओव्ही डॉट इन’ असा आहे ना, हे पाहिल्याशिवाय पैसे भरू नयेत.

फार जुन्या मृत्यूंसाठी वाट वेगळी आहे. आजोबा-पणजोबांच्या नोंदी गाव नमुना १४ मध्ये, म्हणजे ज्याला आपण कोतवाल बुक म्हणतो त्यात, असू शकतात; त्या पुष्कळदा मोडी लिपीत असतात आणि त्यांची नक्कल तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षातून मागावी लागते.

राहिला तो फोन क्रमांक. शहरातल्या मृत्यूसाठी महापालिकेकडे आणि खेड्यातल्या मृत्यूसाठी ग्रामपंचायतीकडे स्वतः अर्ज करता येतो. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ प्रमाणे अधिसूचित सेवेची मुदत आणि शुल्क कार्यालयात लावलेले असले पाहिजे आणि अर्जाची पोच मिळाली पाहिजे. मुदतीत काम झाले नाही, तर ३० दिवसांच्या आत पहिले अपील करता येते. ‘नोंद सापडत नाही’ असे तोंडी उत्तर मिळाले, तर तिथून उठू नये. नोंद उपलब्ध नसल्याचे प्रमाणपत्र, म्हणजे नमुना क्रमांक १०, लेखी मागावे. उशिराच्या नोंदणीचा अर्ज त्या कागदापासून सुरू होतो.