गणपती काय, दरवर्षीच येतात!

असं म्हणाला माझा साहेब. माझ्या तोंडावर. शुक्रवारी संध्याकाळी सहा चाळीसला, मी बॅग खांद्याला अडकवून उभा असताना, कप ढवळत ढवळत. "गणपती काय रे, दरवर्षीच येतात."

आज शनिवार, रात्रीचे साडेअकरा वाजलेत. एक अख्खा दिवस उलटला तरी ते वाक्य डोक्यातून जात नाही. जेवताना आठवलं, ताट बाजूला सारलं. बायको म्हणाली, लिहून टाक, नाहीतर झोपणार नाहीस आणि मलाही झोपू देणार नाहीस. म्हणून लिहितोय.

सोमवारी रात्रीची कोकणकन्या आहे माझी. 25 ऑगस्ट 2025. हे तिकीट कसं मिळालं ते ज्यांचं गाव तिकडे आहे त्यांना सांगायला नको. साठ दिवस आधी, 26 जूनला सकाळी आठच्या ठोक्याला मी मोबाइलवर, बायको लॅपटॉपवर, चुलतभाऊ तिकडे नालासोपाऱ्यात त्याच्या मोबाइलवर. आठ वाजून दोन मिनिटांनी सगळं वेटिंगला गेलं होतं. त्यातून दोन कन्फर्म आणि एक आरएसी हाताला लागलं. 30 जूनला रजेचा अर्ज टाकला, सहा दिवसांचा, गौरीविसर्जन करून परत येण्याइतका. त्याच दिवशी मंजूर. मेल आहे माझ्याकडे, त्याच्याच नावाने, "अप्रूव्ह्ड". दोन महिने तो मेल जपून ठेवलाय, कारण या माणसाला मी ओळखतो.

आणि आता, गाडीला तीन दिवस असताना, रजा होल्डवर. कशासाठी? 3बीसाठी! जुलैच्या 3बीसाठी, म्हणजे जीएसटीच्या मासिक रिटर्नसाठी!

अहो, 3बीची तारीख 20. दर महिन्याची 20. सात तारखेला टीडीएस, अकराला आर-1 म्हणजे विक्रीचं रिटर्न, चौदाला 2बी येतं म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराच्या वजावटीचा, इनपुट क्रेडिटचा तक्ता, वीसला 3बी. गेली काही वर्षं माझा महिना याच तारखांवर चालतो. या तारखा बघूनच तर मी सव्वीसपासून रजा मागितली होती. ग्रुपच्या चार कंपन्या. तिघींचं 3बी 20 च्या दुपारी भरून मोकळा झालो. चौथीचं तयार करून 16 तारखेपासून याच्या मेलबॉक्समध्ये पडलं होतं. 2बीत एका सप्लायरचं इनपुट क्रेडिट जुळत नव्हतं, ते घ्यायचं की सोडायचं एवढंच याने सांगायचं होतं. घ्या किंवा सोडा. दोन अक्षरं. चार दिवस मी आठवण करून देतोय आणि हा "बघतो" म्हणतोय.

तेवढ्यात 20 तारखेची अधिसूचना आली. पावसाने मुंबई बुडाली होती म्हणून मुंबई शहर, उपनगर, ठाणे, रायगड आणि पालघर या पाच जिल्ह्यांना 3बीची मुदत 27 ऑगस्टपर्यंत वाढवून दिली. लोकांच्या ऑफिसात पाणी शिरलं, लोकल बंद पडल्या, माणसं पोचू शकली नाहीत, म्हणून सरकारने दिलेली सवलत ती. आणि आमच्या साहेबाने त्या सवलतीचं काय केलं? म्हणे, "आता घाई कशाला, सत्तावीसला भरू. आठवडाभर पैसे आपल्याकडे राहतील. तू सत्तावीसला आहेस ना?"

सत्तावीसला गणेश चतुर्थी आहे!

मी म्हटलं, सर, माझी रजा मंजूर आहे, सोमवारी गाडी आहे. तर म्हणतो, "मग तिकीट कॅन्सल कर, चार्जेस क्लेम कर, कंपनी देईल." चार्जेस क्लेम कर! मी काय त्या कॅन्सलेशनच्या पैशांसाठी रडतोय? मग म्हणाला, सत्तावीसला दुपारी भर आणि रात्रीच्या बसने जा. या माणसाने आयुष्यात कधी चतुर्थीच्या आसपास मुंबई-गोवा हायवे बघितलाय का? 2011 पासून काम चाललंय त्या रस्त्याचं. इंदापूर आणि माणगावचे बायपास अजून अर्धवट. आणि चतुर्थीच्या दिवशी रात्री निघून मी पोचणार कधी, तर गणपती बसून दुसरा दिवस उजाडल्यावर. दीड दिवसाचे असते तर विसर्जनालाच पोचलो असतो. हे सांगितलं तर वर, "अरे मित्रा, इथे मुंबईत काय कमी गणपती आहेत? लालबागला जाऊन ये, ऑफिसपासून चालत आहे."

आणि मग ते वाक्य.

हा "मित्रा" पण माझ्या डोक्यात जातो. काम लादायचं असलं की मित्रा. चूक झाली की "अकाउंट्सवाले". पगारवाढीच्या वेळी "तुझं बरोबर आहे, पण बजेट". मला मित्र नकोय हो हा माणूस. दिलेला शब्द पाळणारा साहेब मिळाला तरी खूप झालं.

बरं, सत्तावीसला थांबून होणार काय आहे? मी अकाउंटंट आहे, हिशोबच मांडतो. त्या कंपनीचा भरायचा कर साधारण 28 लाख. सात टक्के धरले तरी सात दिवसांचं व्याज होतं 3,759 रुपये. तीन हजार सातशे एकोणसाठ! आणि तेसुद्धा मिळणार नाही, कारण पैसे करंट अकाउंटला आहेत, तिथे एक दमडी व्याज नाही. सीसी, म्हणजे कॅश क्रेडिटचं कर्जखातं असतं तर म्हटलं असतं, चला, तेवढं व्याज वाचतंय. तेही नाही. म्हणजे कंपनीचा फायदा शून्य.

आणि थांबायचंच असलं तरी माणूस कशाला लागतो? रिटर्नचे आकडे भरून ते सेव्ह करून ठेवता येतं. चलन आधी काढून ठेवता येतं, पंधरा दिवस चालतं ते. डायरेक्टरच्या डिजिटल सहीचा डोंगल तर याच्याच ड्रॉवरमध्ये, कुलपात, किल्ली याच्याच खिशात. मी तर गेली अकरा वर्षं तो डोंगल मागून घेतो आणि पाच मिनिटांत परत करतो, लहान मुलाने शेजाऱ्याकडून स्केल मागावी तसा. सत्तावीसला याने फक्त डोंगल लावायचा आणि फाईल करायचं. दहा मिनिटं. मी लिहून देतो म्हटलं, एकेक स्क्रीनचे फोटो काढून देतो म्हटलं. नाही. "तू असलास की बरं पडतं."

एवढं एकच वाक्य त्या दिवशी तो खरं बोलला. काम होणं याच्या लेखी महत्त्वाचं नाहीच. कुणीतरी समोर बसलेलं हवं. मला हाक मारली की मी तिकडून उठून यावं, यातच त्याला साहेब असल्यासारखं वाटतं. काम झालं आणि खुर्ची रिकामी, हे त्याला चालत नाही. काम नाही आणि खुर्ची भरलेली, हे चालतं.

19 तारखेला हेच केलं. रेड अलर्ट. महापालिकेने सरकारी ऑफिसांना सुट्टी दिली, खासगीवाल्यांना सांगितलं की लोकांना घरून काम करू द्या. मध्य रेल्वेवर ठाणे ते सीएसएमटी गाड्या बंद, हार्बर बंद, संध्याकाळी तर मोनोरेल माणसांसकट अधांतरी अडकली. मी डोंबिवलीत. आणि हा प्रभादेवीहून चालत ऑफिसला येतो आणि मला मेसेज टाकतो: "ठाण्यापर्यंत तर चालू आहेत ना?" ठाण्याला उतरून मी काय करू? पोहत येऊ लोअर परळला? त्या दिवशी सकाळी नऊपासून रात्री अकरापर्यंत मी घरून बसलो, कारण दुसऱ्या दिवशी वीस तारीख होती. सिस्टीममध्ये माझी अर्धा दिवस रजा लागलीय. अर्धा दिवस! चौदा तास काम करून! म्हणजे ज्या पावसासाठी सरकारने मुदत वाढवली, त्याच पावसाची रजा माझ्या खात्यातून गेली आणि त्याच वाढलेल्या मुदतीसाठी आता माझा गणपती जाणार. हे वाचून कुणाचं डोकं शांत राहत असेल तर मला सांगा.

एचआरकडे गेलो. म्हणाल्या, "मॅनेजर्स डिस्क्रिशन." शॉप ॲक्ट काढून दाखवला. 2017 चा कायदा आहे, वर्षाला आठ सणांच्या भरपगारी सुट्ट्या. 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर या ठरलेल्या, उरलेल्या चार मालकाने आणि कामगारांनी मिळून ठरवायच्या. आमच्या चारांमध्ये गणेश चतुर्थी आहे, नोटीस बोर्डावर लावलेली आहे, एचआरच्याच सहीने. सत्तावीसला ऑफिसच बंद आहे! त्यावर, "हो, पण अर्जन्सी असेल तर…" कसली अर्जन्सी? कुणी निर्माण केली? 16 तारखेला "घ्या" किंवा "सोडा" म्हणाला असता तर अर्जन्सी कुठे होती?

अर्जित रजा कायद्याने 45 पर्यंत साठवता येतात. माझ्या 38 साठल्यात. लोक म्हणतात, अरे वा. वा काय त्यात? हा देत नाही म्हणून साठल्यात त्या. त्यातली एकेक रजा म्हणजे एकेक ठिकाण आहे जिथे मी गेलो नाही. मामेबहिणीचं लग्न. पोराचं गॅदरिंग, दोनदा. आईच्या डोळ्याचं ऑपरेशन, ज्याला माझी बायको एकटी गेली. आणि हा स्वतः मे महिन्यात दहा दिवस सिंगापूरला, फोन बंद, "डोन्ट डिस्टर्ब, फॅमिली टाइम". तेव्हा वीस तारखेचं 3बी कुणी भरलं? कुणीही विचारलं नाही कसं भरलं. भरलं गेलं.

2023 ला काकांच्या दहाव्याला गावी होतो. पिंड ठेवलेले, कावळ्याची वाट बघत सगळे उभे, आणि याचा फोन. एकदा कट केला. दुसऱ्यांदा कट केला. तिसऱ्यांदा मी बाजूला गेलो आणि उचलला. त्याला टॅलीचा पासवर्ड हवा होता. तो उचललेला फोन मला आजही बोचतो. काकी बघत होती माझ्याकडे. काही बोलली नाही. तिने चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

हो, मी तापट आहे. शुक्रवारी मी टेबलावर हात आपटला, सगळ्यांनी वळून बघितलं. त्याची मला लाज नाही वाटत. लाज याची वाटते की त्याच्यानंतर मी "बघतो सर" म्हणून बाहेर पडलो. आणि आज शनिवारी, सुट्टी असताना, त्याने बोलावलं म्हणून ऑफिसला गेलो. दीड तास जायला, दीड यायला. तो आलाच नाही. साडेबाराला मेसेज, "आज जमणार नाही, मंडे बघू." लिफ्टच्या दारात उभा राहून वाचला. तिथेच ठरलं माझं.

आबा चौऱ्याहत्तरचे आहेत. गेल्या वर्षीपर्यंत माटवी, गणपतीच्या डोक्यावरची रानफळांनी सजवलेली चौकट, तेच बांधायचे. स्टुलावर चढून, कवंडळं, तिरफळं, सुपारीचे घोस, तवसं, एकेक आपल्या जागी. कुणी मधे हात घातलेला चालायचं नाही त्यांना. यंदा गुडघ्याने बसवलंय. गेल्या रविवारी फोनवर म्हणाले, "माटवी बांधूक माका आता जमाचा नाय. तू येतलंस मा?" माझ्या वडिलांनी आयुष्यात मला कधी असं विचारलं नव्हतं. जन्मभर, तू तुझं काम बघ, आमचं आम्ही करतो. यंदा विचारलं. आणि हा मला सांगतो दरवर्षीच येतात. गणपती येतील दरवर्षी, साहेब. स्टुलाखाली उभे राहून मला काय कुठे बांधायचं ते सांगणारे आबा किती वर्षं असतील?

दुपारी घरी आल्यावर चौथ्या कंपनीचं 3बी पूर्ण केलं. जुळत नसलेलं क्रेडिट सोडलं, सप्लायरने दुरुस्त केलं की पुढच्या महिन्यात घेता येतं, कुणाचं काही बुडत नाही. चलन काढलं. प्रत्येक पायरी लिहून मेल केला, डायरेक्टरना सीसीत ठेवून. खाली लिहिलं: "रिटर्न तयार आहे. सोमवारी संध्याकाळी सहापर्यंत मी ऑफिसात आहे, डोंगल दिल्यास मीच भरून जाईन. 30 जूनला मंजूर केलेल्या रजेवर मी 26 ऑगस्टपासून जात आहे." विनंती नाही, कृपया नाही. तीनदा वाचला आणि पाठवला. हात थरथरत होते, खोटं कशाला सांगू. घराचा हप्ता आहे, पोराची फी आहे. नोकरीवर गदा आली तर काय, हे डोक्यात आहेच. पण पाठवला.

आत्ता, हे लिहिताना, त्याचा मेसेज आला. नुसतं एक प्रश्नचिन्ह. "?" एवढंच. शब्द लिहायचीही तसदी नाही, बटण दाबल्यासारखं दाबायचं आणि समोरचा धावत यायला हवा. अकरा वर्षांत अशा प्रत्येक प्रश्नचिन्हाला मी पाच मिनिटांच्या आत उत्तर दिलंय. रात्री, रविवारी, दवाखान्यातून. याला देणार नाही. मेलमध्ये सगळं लिहिलंय, मराठी-इंग्रजी दोन्ही वाचता येतं त्याला.

रात्री जेवायच्या आधी आबांचा फोन आला होता. "सायबान सोडल्यान मा रे?" मी "होय" म्हटलं. गणपतीच्या शाळेत, मूर्ती घडवतात तिथे, पाट देऊन झालाय, रंगकाम आवरलंय म्हणाले, डोळे यंदा छान काढलेत. कवंडळं मिळालीत. स्टूल डगमगतं, तेवढं येताना खिळे घेऊन ये.

खिळे आणलेत. बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यात ठेवलेत.