मेलेले जनावर दाखवा

आज दुपारी जेवणाच्या सुट्टीत एक सहकारी म्हणाले, "पूरग्रस्तांसाठी एकतीस हजार कोटींचे पॅकेज दिले, आता आणखी काय हवे?" मी डबा बंद करून उठलो. तिथे बोललो असतो तर आवाज चढला असता, म्हणून येथे लिहितो आहे.

माझे चुलते, आमचे तात्या, परंडा तालुक्यात सीनेच्या काठी राहतात. सप्टेंबर २०२५ च्या पुरात रात्री गोठ्यात पाणी शिरले, तेव्हा छातीभर पाण्यात उभे राहून त्यांनी विळ्याने तिन्ही म्हशींची दावी कापली. मुकी जनावरे बांधलेली मरू नयेत, एवढेच त्यांच्या मनात होते. चार दिवसांनी त्यांतली एक खालच्या अंगाला एका उसाच्या फडात सापडली. चुलतभावाने तिच्या कानाच्या बिल्ल्यावरचा चिखल अंगठ्याने पुसून बारा आकडे वाचले, पंचनामा झाला आणि तिचे ३७,५०० रुपये मिळाले. उरलेल्या दोघींविषयी उत्तर मिळाले, "मेलेले जनावर दाखवा."

वाहून गेलेली म्हैस तात्यांनी कोठून दाखवायची? कानात बिल्ला नसेल तर आपत्तीची भरपाई नाही, असा नियम शासनानेच केला आणि तात्यांनी तो पाळला. दोघींचे क्रमांक सरकारी नोंदीत आहेत. डेअरीच्या पुस्तकात २१ सप्टेंबरच्या संध्याकाळपर्यंत दोन्ही वेळच्या दुधाची नोंद आहे आणि त्यापुढची पाने कोरी आहेत. एवढे असूनही त्या म्हशी होत्या आणि आता नाहीत, हे पटत नसेल तर ते बिल्ले मारले कशासाठी?

खोटे दावे करणारे असतात, हे मान्य आहे. तीन दुधाळ जनावरांपुरतीच मदत देण्याची मर्यादा या वेळी काढली, हेही चांगलेच झाले. परंतु त्या तिघींपैकी एक म्हैस तात्यांनी गेल्याच वर्षी एक लाख पंधरा हजारांना घेतली होती आणि तिच्या कर्जाचे हप्ते अजून चालू आहेत. ३७,५०० रुपयांत बाजारातून तशी म्हैस आणून दाखवा, मग कोटींचे आकडे ऐकवा.

पंचनाम्याला आलेल्या माणसांवर मात्र माझा राग नाही. तीही गुडघाभर चिखल तुडवत घरोघर फिरत होती, आणि त्यांच्यातल्या एकाने तात्यांच्या ओसरीवर बसून निघताना हात जोडले होते. त्यांच्या हातातल्या कागदावर वाहून गेलेल्या जनावरासाठी रकानाच नसेल, तर त्यांनी तरी काय लिहावे?

दिवाळीला गेलो होतो तेव्हा तात्या बराच वेळ गोठ्यात बसून होते. खुंट्यांना कापलेल्या दाव्यांची टोके तशीच होती. "कापली नसती तर तिघी जाग्यावरच सापडल्या असत्या," एवढेच ते म्हणाले. जनावर वाचवायला धडपडलेल्या माणसाला ते बांधून मारले असते तर बरे झाले असते असे वाटावे, याला मदत म्हणायचे का? लिहिताना आत्ताही माझे हात थरथरत आहेत.

तुमच्यापैकी कोणाच्या गावात वाहून गेलेल्या जनावराची भरपाई मृतदेहाशिवाय मंजूर झाली असेल, तर अर्जाला कोणते कागद जोडले होते ते कृपया कळवा. तात्यांचा अर्ज अजून निकाली निघालेला नाही आणि मी शनिवारी गावी जाणार आहे.